दुपारी तुळस मान का टाकते?

मार्च संपत आला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : "अहो, रोज तांब्याभर पाणी घालते, तरी दुपारी तुळस मान टाकतेच!" मग कुणी भर दुपारी आणखी एक तांब्या ओततं, तर कुणी मूठभर खत घालतं. आठ-पंधरा दिवसांत तुळस पिवळी पडते आणि वृंदावन रिकामं होतं. पाणी जपून वापरायच्या दिवसांत पाणीही गेलं आणि रोपही! तेव्हा मैत्रिणींनो, रोप पाणी पितं तरी कसं, ते आज समजून घेऊ या.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात आणि कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. म्हणजे पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे ओढलं जातं. मुळांवर केसासारखे नाजूक तंतू असतात, त्यांना मूलरोम म्हणतात. त्यांच्या आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट, म्हणून पाणी आत शिरतं. नत्र, पालाश अशी विरघळलेली द्रव्यंही मुळं तिथूनच घेतात. पण कुंडीत खताचे दाणे जास्त पडले की बाहेरचं पाणीच दाट होतं आणि बिचाऱ्या रोपाची गत मीठ लावलेल्या कैरीसारखी होते.

बरं, आत आलेलं पाणी शेंड्यापर्यंत चढतं कसं? खोडात बारीक नळ्या असतात, त्या जलवाहिन्या. पानांवर, विशेषतः खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं. त्यांतून वाफ बाहेर पडते आणि पाण्याचे कण एकमेकांना धरून असल्यामुळे मागची सगळी धार वर ओढली जाते. आयर्लंडच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ साली हे मांडलं. मुळांनी शंभर तांबे पाणी घेतलं तर सत्त्याण्णवच्या वर तांबे असे वाफ होऊन उडून जातात! पण ते वाया जात नाही. माठ पाझरून गार होतो, तसंच पानही गार राहतं. पानात तयार झालेली साखर मात्र रसवाहिन्या नावाच्या वेगळ्या नळ्यांतून मुळांकडे आणि फळांकडे जाते. मुलांना दाखवायचं असेल तर पांढऱ्या शेवंतीचा दांडा लाल शाईच्या पाण्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर लाली चढलेली दिसेल.

आता दुपारचं कोडं सुटतं. पारा ४५ अंशांकडे चढला की पानांतून पाणी जितकं उडतं, तितकं मुळं पुरवू शकत नाहीत. पान मऊ पडतं, पर्णरंध्रं मिटू लागतात, खर्च आवरतो. माती ओलसर असेल तर संध्याकाळी तुळस आपोआप सावरते. सकाळीही मान खालीच असेल, तर मात्र काळजी करावी.

ज्याची त्याची तऱ्हा निराळी. आपली केळ पहा. तिचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. खरं खोड जमिनीखालचा कंद. पानं ऐसपैस आणि मुळं बहुतेक वरच्या दीड फुटात, म्हणून तिला सतत पाणी लागतं. उन्हात ती पानाच्या दोन्ही बाजू दांड्याजवळ खाली मिटून घेते. उलट मेहरूणची बोर! मुळं खोल, पानाच्या पाठीवर पांढुरकी लव आणि फारच ताण पडला की पानंच झाडून मोकळी. पानफुटी, निवडुंग यांची युक्ती आणखी वेगळी : दिवसा रंध्रं बंद, रात्रीच्या गारव्यात उघडी. म्हणून ती कुंडीत आठवडाभर तहान काढतात.

केळीबागेत पाणी मुळाशी थेंबाथेंबानं द्यावं, हे आपल्या जिल्ह्यानं १९८०च्या दशकापासून ठिबक सिंचनातून शिकून घेतलं. विहिरी खोल जात असताना त्यावाचून गतीच नाही. घरच्या कुंडीलाही तोच न्याय लावावा :

• पाणी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर द्या. आधी दोन पेरं बोट मातीत खुपसून पहा. ओल लागली तर थांबा. सारखी चिखल झालेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात.

• मातीवर वाळलेला पाला किंवा शेंगदाण्याची टरफलं पसरा, ओल टिकते.

• डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी चालेल. मिठाचं, साबणाचं पाणी किंवा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं क्षारयुक्त पाणी रोज नको.

• भर उन्हाळ्यात रासायनिक खत देऊ नका. पावसाळा लागला की द्या.

• पत्र्याचे डबे आणि काळ्या कुंड्या फार तापतात. त्या भिंतीच्या सावलीला सरकवा किंवा बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा.

एवढं सांभाळलंत तर रोजचा एक तांब्या पुरेल, आणि मृगाचा पाऊस येईल तेव्हा वृंदावनात तुळस असेल.