ले-ऑफमध्ये निम्मा पगार. पण ‘योग्य काम’ ठरवणार कोण?

कच्चा माल संपला, मशिन बंद पडले म्हणून कंपनीने काही दिवस काम थांबवले, पण नोकरी कायम ठेवली, तर तो ले-ऑफ. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला या दिवसांसाठी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. बदली, कॅज्युअल कामगारांना तीही नाही.

खरी मेख पुढे आहे. मालकाने त्याच गावात, त्याच पगारावर दुसरे काम देऊ केले आणि कामगाराने ते नाकारले, तर भरपाई बंद. त्या कामाला विशेष कौशल्य लागू नये, ही अट. पण ते लागते की नाही, हे ठरते मालकाच्याच मते. वीस वर्षे लेथ चालवलेल्या टर्नरला गोदामात खोकी उचलायला सांगितले, तरी चालते! १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद बदलायला हवी होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पाच मैलांचे आठ किलोमीटर केले. मालकाचे मत तसेच ठेवले.