स्फुरदाची तऱ्हा न्यारी



हनुक्काच्या सुट्टीत आम्ही हुला खोऱ्यात क्रौंच पक्षी पाहायला गेलो. मुलं पक्षी मोजत होती, आमचं लक्ष मात्र काळ्या मातीकडे.

१९५१ ते १९५८ या काळात इथली दलदल आटवून शेती केली. मातीला हवा लागली, ती कुजू लागली आणि नायट्रेट पाण्याबरोबर किनेरेतकडे वाहू लागले. म्हणून १९९४ साली थोडा भाग पुन्हा पाण्याखाली आणला.

पण फॉस्फरसची, म्हणजे आपल्या गावाकडच्या स्फुरदाची, तऱ्हा उलटी! कोरड्या मातीत तो लोहाला व चुन्याला घट्ट चिकटून बसतो. पाणी साचून हवा मिळेनाशी झाली की लोहाची पकड सुटते, आणि तो भूजलात उतरतो. तिथून तलावात पोचला की शेवाळ माजलंच म्हणून समजा. म्हणजे जमीन फार सुकवूही नये, फार बुडवूही नये.

खताचंही तसंच. मातीचं पोट भरलं की उरलेला स्फुरद ती खाली सोडते. तेव्हा मोशावमधल्या बंधूंनो, आधी माती तपासा, मगच पोतं फोडा.

आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्यालाही चिमूटभरच बरं का!