रक्ताचा आंकडा काय सांगतो?

बीड जिल्ह्यांतील एका एकत्र कुटुंबांतून आजींचें पत्र आलें आहे. घरांतील दोन चुलत भावांस शेंगदाणा बाधतो. दोघांच्याही अंगावर पूर्वी गांधी उठल्या होत्या. रक्ताच्या तपासणींत थोरल्याचा आंकडा ४० आला, धाकट्याचा अवघा २. तेव्हांपासून थोरल्याचें ताट वेगळें मांडतात. धाकट्याचें मात्र सौम्य आहे, म्हणून येत्या एकादशीस त्याला खिचडींतलें चमचाभर कूट चालेल काय, असें आजी विचारितात.

चालणार नाहीं.

या तपासणींत आयजीई नांवाचीं प्रतिपिंडें मोजतात. हातावर टोचून जी परीक्षा करितात, तिच्यांत उठणारी गांधही याच प्रतिपिंडांमुळें उठते. आंकडा जितका मोठा, तितका दाणा बाधण्याचा संभव अधिक, एवढेंच त्यावरून समजतें. बाधल्यावर नुसती खाज सुटेल कीं श्वास कोंडेल, हें त्यावरून ठरत नाहीं. ४० वाल्याचें ओठांच्या खाजेवर भागावें आणि २ वाल्याचा घसा सुजावा, असेंही घडतें. दाण्यांतील ‘ॲरा एच २’ या प्रथिनाविरुद्धचें आयजीई निराळें मोजल्यास खरी ॲलर्जी ओळखण्यास पुष्कळ मदत होते. परंतु पुढच्या झटक्याची तीव्रता तेंही खात्रीनें सांगत नाहीं. मागें गांधींवर निभावलें, हीही पुढची हमी नव्हे.

झटका कसा येईल हें इतर गोष्टींवरही अवलंबून असतें: दाणा किती पोटांत गेला, अंगांत ताप होता काय, दमा ताब्यांत आहे काय. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील एका प्रयोगांत, दाणा बाधणाऱ्या प्रौढांना व्यायामानंतर किंवा अपुऱ्या झोपेनंतर सुमारें ४५ टक्के कमी दाण्यानेंच त्रास सुरू झाला. मग दिवसभर अंगणांत हुंदडणाऱ्या मुलाचें काय सांगावें!

उलट बाजूही आहे. कर्नाटकांतील प्रौढांच्या एका पाहणींत सुमारें चौथ्या हिश्शाच्या लोकांत कोणत्या तरी अन्नाविरुद्ध प्रतिपिंडें आढळलीं. बाधा मात्र शेंकडा एकाच्या आसपास. तेव्हां घरांतील जीं मुलें बिनतक्रार दाणे खातात, त्यांची तपासणी करवून त्यांच्या तोंडचा लाडू काढूं नये.

दोघां भावांस मात्र एकच नियम लावावा. आपल्याकडे कूट भाजींत, आमटींत, चटणींत, कोशिंबिरींत सर्वत्र असतें. डाव आणि पळ्याही वेगळ्या हव्यात. घाण्याच्या शेंगदाणा तेलांत दाण्याचें प्रथिन उरूं शकतें, म्हणून तेंही नको. धाकट्यास खरोखर किती सोसतें हें पाहावयाचें असेल, तर तें रुग्णालयांत, डॉक्टरांच्या नजरेखालीं, कणाकणानें वाढवीत पाहतात. घरीं कदापि नाहीं. योगेश्वरीच्या दर्शनास अंबाजोगाईस जाणें होतच असेल. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या परीक्षेची चौकशी करावी.

ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन घरीं ठेवण्याविषयींही डॉक्टरांस विचारावें, आणि तें मांडीच्या बाहेरच्या बाजूस कसें टोचावें हें घरांतील दोघांतिघांनीं शिकून घ्यावें. श्वास लागल्यास गोळी देऊन वाट पाहत बसूं नये. आधीं इंजेक्शन, मग रुग्णालय.

एकादशीची खिचडी सुक्या खोबऱ्याच्या किसावरही चांगली होते. आमच्या घरीं ती आवडीनें खातात.