भाडेकरूचे पाणी आणि मालकाचा हिशेब

नगर शहरात बिऱ्हाड करून राहणाऱ्या मध्यमवर्गीयाला पाणी महाग पडते, ही तक्रार नवी नाही. परंतु ते नेमके कोठे महाग होते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. निजामशाहीच्या काळात या शहराला आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी येत असे. आज ते मुळा धरणातून विळद आणि वसंत टेकडीमार्गे येते. इतक्या दुरून, पंपांनी चढवून आणलेले पाणी फुकट मिळणार नाही, हे आम्ही मान्य करतो. तथापि भाडेकरूच्या खिशाला मोठी कात्री लागते ती महानगरपालिकेच्या पट्टीने नव्हे. टँकर, जार आणि पंपाची वीज यांच्या खर्चाने, आणि त्याहूनही अधिक त्या खर्चाच्या मोघम वाटणीने!

साधा हिशेब पाहावा. शहरात घरगुती वापरासाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण आपल्या देशात मानले जाते. पाच माणसांच्या कुटुंबाला त्याप्रमाणे 675 लिटर लागतात. म्हणजे 5,000 लिटरचा टँकर जेमतेम आठवडाभर पुरेल. असा टँकर अनेक बिऱ्हाडांनी मिळून मागवला आणि त्याचा खर्च माणशी न वाटता दारागणिक वाटला, तर दोन वृद्धांच्या घराने आणि सहा माणसांच्या घराने सारखीच रक्कम भरायची. गच्चीवरची टाकी रात्रभर वाहून गेली, तर तो भुर्दंडही सर्वांच्याच माथी. काटकसर करणाराला तिचे फळ मिळणार नसेल, तर काटकसर करील कोण?

भाडेकरू पाणी उधळतात, असे घरमालक म्हणतात. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु त्यावर उपाय धाकाचा नसून मोजमापाचा आहे. प्रत्येक बिऱ्हाडाच्या नळावर लहानसा मीटर बसवावा. ते न जमल्यास माणशी वाटणी करावी. टँकरची पावती सर्वांना दिसेल अशी जिन्यात लावावी. टाकीची गळती मालकाने थांबवावी आणि घरातल्या नळाचा वायसर भाडेकरूने बदलावा. हे सारे भाडेकरारात लिहून ठेवावे.

कायदाही येथे मुका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे; तो नसेल तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. कलम 29 प्रमाणे पुरेशा कारणावाचून भाडेकरूचे पाणी तोडणे हा गुन्हा आहे. लेखी करार म्हणूनच उभयतांच्या हिताचा आहे.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव पडलेला पाऊस मोजते, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडते आणि मगच पिके ठरवते. अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्यांना जे साधले, ते शहरातील सुशिक्षितांच्या एका इमारतीला साधू नये काय? भाडेकरूंनी पाण्याबाबत सवलत मागू नये, हिशेब मागावा. तो देणे हे मालकाचे औदार्य नव्हे, कर्तव्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.