पांढरी आहे, लगेच मिळेल!

पोर्शे ९११ घेणारा जर्मन माणूस सीटच्या शिवणीच्या धाग्याचा रंगसुद्धा स्वतः निवडतो आणि हवं तर श्टुटगार्टच्या कारखान्यात जाऊन गाडी ताब्यात घेतो. हे सांगितलं की आपले लोक म्हणतात, "पैशाचा माज!"

माज कसला? आम्ही रत्नागिरीकर हापूसची पेटी घेताना एकेक फळ हुंगून बघतो, थेट बागेतून आणली तर चारचौघांत सांगतो. आणि दहा लाखांची गाडी घेताना? "पांढरी आहे, लगेच मिळेल" म्हटलं की मुकाट सही!

पोर्शेवाले ऑप्शन्सचे पैसे दणकून लावतात, मान्य. पण सुटे लावतात. आपल्याकडे 'व्हेरियंट' नावाचं गाठोडं. कित्येक वर्षं एअरबॅग हवी तर अलॉय व्हील्सही गळ्यात. एबीएस सगळ्या गाड्यांत आलं ते २०१९ मध्ये, पुढच्या दोन्ही सीट्सना एअरबॅग २०२२ मध्ये. तेही सरकारने सक्ती केली म्हणून. आंबा घाटातलं वळण काय बेस मॉडेल बघून सोपं होतं?

स्पोर्ट्स कार राहू दे हो. पुढच्या वेळी शोरूममध्ये एवढंच विचारा, "हे सुटं का मिळत नाही?" आपण विचारत नाही, म्हणून ते देत नाहीत. पटतंय का?