अनुदान सुटत नाही ते कुणाचं?

इंधनावरची अनुदानं बंद केली की सरकारं पडतात, असं अर्थतज्ज्ञ सांगतात. मग मे २०२० मध्ये घरगुती गॅसचं अनुदान बंद पडलं तेव्हा कुठलं सरकार पडलं? पुढे सिलिंडर हजारापार गेला. परत मिळालं ते फक्त उज्ज्वलाच्या बायांना: आधी २००, मग ३०० रुपये.

आता शेतीपंप बघा. २००४ च्या निवडणुकीआधी मोफत वीज, २००५ मध्ये ती रद्द. पण वसुलीची हिंमत कुणाची? थकबाकी वाढतच गेली. २०२४ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज फुकट, तीही मार्च २०२९ पर्यंत. राज्याची वीज मुख्यतः कोळशाची. म्हणजे हे कोळशालाच अनुदान, आणि राख चंद्रपूरच्या नशिबी.

पंचगंगेकाठी उसाला पाणी पाजणारा पंप कुणाचा? ज्याची जमीन त्याचा. कारखाना, सोसायटी, जिल्हा बँक, आमदारकी त्याच घरांत फिरते. शाहू महाराजांनी १९१८ ला महार वतनं मोडली, तरी आपल्या वस्तीतल्या किती बाया अजून दुसऱ्याच्या उसात भांगलायला जातात! त्यांच्याकडे पंपच नाही, मग फुकट काय मिळणार?

१९४२ ते ४६ वीजखातं बाबासाहेबांकडे होतं. वीज सरकारी मालकीची, स्वस्त आणि मुबलक हवी, ही त्यांची भूमिका उद्योग वाढावेत, शेतीवरचा भार हटावा यासाठी होती. बागायतदाराच्या उसासाठी नव्हती.

अल्पभूधारकाची सवलत काढा, असं माझं म्हणणं नाही. पंप बघून देता तशी घर बघूनही द्या, भूमिहीनालाही. पुढच्या ग्रामसभेत विचारा: गावात फुकट विजेचे पंप किती, आणि त्यातले आपल्या वस्तीचे किती?