शाळेचा सांगावा कुणाच्या हाती?



या आठवड्याच्या टपालात हुपरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. हुपरी म्हटले की चांदी आलीच. हातकणंगले तालुक्यातल्या या गावचे पैंजण, वाळे, जोडवी देशभर जातात. पण तिथला बराचसा धंदा घरोघरी, ओसरीवर आणि माडीवर चालतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. बाई भाकरी तव्यावरून उतरवते, हात धुते आणि कड्या जोडायला बसते. त्याच घरचा एकर-दोन एकर ऊस जवाहर साखर कारखान्याला जातो. शेती आणि चांदी अशी एकाच छपराखाली नांदते.

या भगिनीचेही घर असेच. घरी चांदीची मजुरी, रानात एकरभर ऊस, आणि कारभारी माल घेऊन पंधरा-पंधरा दिवस परमुलखात. मुलगा सातवीत. शाळेचे सारे निरोप कारभाऱ्यांच्या मोबाईलवर येतात, कारण दाखल्याच्या वेळी तोच नंबर लिहून दिला होता. मुलगा शाळेत येत नाही, असे गुरुजींनी त्या नंबरावर तीनदा कळवले. कारभारी रेल्वेत, धंद्याच्या गडबडीत. शेकडो संदेशांत हे तीन संदेश बुडून गेले. पोरगा मात्र रोज वेळेवर दप्तर उचलत होता आणि डबा रिकामा करून परत येत होता. मधले तास तो एका मित्राच्या घरी पॉलिशच्या कामाला बसत होता. चाचणीचा पेपर सहीसाठी घरी आला तेव्हा आईला हे कळले. मोबाईल घरात असून उपयोग काय, असा त्या माउलीचा प्रश्न आहे.

ताई, तुमचा प्रश्न एकट्या तुमचा नाही, म्हणून त्याला पान देतो.

आधी कायद्याचे एक वाक्य सांगतो. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कामाला लावायचे नाही, हे २०१६ च्या दुरुस्तीने पक्के झाले आहे. आपल्याच घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत केली तर चालते. तेही काम धोक्याचे नसेल तर. मित्राच्या घरी, शाळेच्या वेळात, मजुरीवर, हे त्यात कुठेच बसत नाही. पोराला मारून मात्र काही साधणार नाही. हाताला काम आणि खिशाला पैसा मिळाला, त्याला गोडी लागली. ती गोडी वाईट नव्हे, तिची वेळ चुकली.

आता मोबाईलकडे वळू. कोल्हापूरच्या मातीत शिक्षणासाठी पालकाला धरण्याची रीत जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही थोडीथोडकी रक्कम नव्हती. पोरगे शाळेत गेले नाही तर जाब पालकाला, असा तो हिशेब. पुढे शाळा गावोगाव झाल्या, मुले आपसूक जाऊ लागली, आणि आपण पालक मोकळे झालो. एकदा जूनमध्ये नाव घातले, गणवेश घेतला, की आता गुरुजी जाणोत आणि पोर जाणो.

मग २०२० साल आले आणि शाळेला कुलूप लागले. त्या वर्षी पहिल्यांदा शाळाच आपल्या घरी चालून आली. पुस्तके मोबाईलवर, गृहपाठ मोबाईलवर. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागली, ती आपल्यापैकी पुष्कळांनी लेकरांशेजारी बसून पाहिली असेल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या पानावर काळ्या चौकटींची खूण छापायची, तिच्यावर मोबाईल धरायचा, की तो धडा बोलू लागतो. ही युक्ती त्यांनी आपल्या छोट्या शाळेत रुजवली होती. आज बालभारतीच्या पुस्तकांत ती खूण आहे. घरात पुस्तक असेल तर आज उघडून पाहा.

पण धडा दाखवणे ही मोबाईलची एक बाजू झाली, आणि माझ्या मते ती धाकटी बाजू. मोबाईल पोराच्या हाती दिला की तो धड्यावर फार वेळ थांबत नाही. २०२४ सालच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातली १४ ते १६ वर्षांची मुले तपासली. शंभरातल्या ८२ जणांना स्मार्टफोन चालवता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले, असे ५७ जणांनी सांगितले. समाजमाध्यमांवर फिरलो, असे ७६ जणांनी. हे आकडे पोरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आहेत, तेव्हा खरी गोष्ट काय असेल ते तुम्हीच ओळखा.

थोरली बाजू दुसरी आहे: शाळेतली बातमी आईबापाच्या कानी घालणे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचे डोंगराळ, खाणकामाचे राज्य आहे. तिथल्या काही शाळांनी एवढेच केले की तुमच्या मुलाने कुठला गृहपाठ दिला नाही, कुठला तास चुकवला, गुण कुठे घसरले, हे पालकांना मोबाईलवर आपोआप कळवायला सुरुवात केली. शिकवण्यात बदल नाही, पुस्तकात बदल नाही. तरी एखाद्या विषयात नापास होण्याचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून जास्त घटले आणि तासांची हजेरी सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०२१ साली छापून आला आहे. आपल्या पोराचे काय चालले आहे हे कळल्यावर कुठलाही बाप स्वस्थ बसत नाही, मग तो खाणीतला असो की फडातला.

मात्र नुसता संदेश पुरत नाही. आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात २०२० साली शाळा बंद असताना साडेचार हजारांवर कुटुंबे घेऊन एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे संदेश पाठवले. काहींना संदेश पाठवले आणि शिवाय आठवड्यातून एकदा फोन करून पालक आणि मूल दोघांशी पंधरा-वीस मिनिटे बोलणे ठेवले. फोन आलेल्या घरांतली मुले गणितात पुढे गेली. नुसत्या संदेशांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे भारतासह पाच देशांत फोनची ही रीत करून पाहिली, तिथेही ती लागू पडली. साधा बटणाचा फोन पुरतो, हेही ध्यानात घ्या. नवा महागडा मोबाईल नाही म्हणून आपल्याला जमायचे नाही, ही समजूत सोडून द्यावी.

ताई, तुमच्या घरचे तीन संदेश वाया गेले ते इथेच. सांगावा आला, पण ज्याने ऐकायचा त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. तेव्हा पहिले काम हे करा, की शाळेत जाऊन वहीवर तुमचा स्वतःचा नंबर लिहवून या. कारभाऱ्यांचा असू द्या, पण तुमचा त्याच्या वर. पुष्कळ घरांत नंबर बापाचा, मोबाईल थोरल्या भावाच्या हाती आणि अभ्यासाची काळजी आईला, अशी तीन तोंडे तीन दिशांना असतात. वाचता येत नसेल तर गुरुजींना किंवा बाईंना सांगावे, की लिहू नका, बोलून पाठवा. आवाजातला निरोप कड्या जोडता जोडता, गोठ्यात धार काढताना ऐकता येतो. ऐकल्यावर उलट निरोपही बोलून द्यावा. ‘समजले, आज विचारते’ एवढे पुरे. आपला आवाज एकदा गेला की पुढच्या वेळी शिक्षकालाही सांगण्याचा हुरूप येतो. वर्गात चाळीस पोरे असताना तुमच्या पोराची दोन वाक्ये वेगळी सांगायची, हा त्यांनाही त्रासच असतो.

आणि शाळेच्या ग्रुपवर कृपा करून रोज सकाळी फुलांची चित्रे टाकू नका. त्या फुलांखाली पोराची गैरहजेरी गाडली जाते.

आपल्या राज्यात आयांना धरून केलेले एक काम मला फार आवडले. २०२२ च्या एप्रिलात शासनाने ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारी अभियान घेतले. प्रथम संस्थेचा त्यात हात होता. पहिलीत जाणाऱ्या लेकरांच्या आयांचे वस्तीवस्तीवर गट केले. दर आठवड्याला मोबाईलवर घरी करायची छोटी कृती यायची. गटातली एक पुढारी माता ती बाकीच्यांना दाखवायची. त्यामुळे घरोघर मोबाईल असलाच पाहिजे असे नव्हते. एकीच्या मोबाईलवर सगळ्या आळीचे भागत होते. हुपरीसारख्या गावात तर अशा गटांना साहित्यही शोधावे लागणार नाही. घुंगरू दहा-दहाच्या राशीत मोजायचे, एका पैंजणाला अमुक कड्या तर पाच जोडांना किती, हे विचारायचे. वजनकाटा समोरच असतो. ग्रॅम, तोळा, मजुरीचा दर, घट, यांत सातवीपर्यंतचे अंकगणित जवळजवळ सगळे सापडेल. तुमच्या लेकाला पॉलिशचे काम आवडते ना? मग रात्री हिशेबाची वही त्याच्याकडे द्या. काम घरचे आणि वेळ शाळा सुटल्यानंतरची.

मोबाईल हे दुधारी हत्यार आहे, हे काही मी नव्याने सांगायला नको. त्याचा बंदोबस्त एकट्या घराने करणे अवघड. शेजारी टीव्ही चालू असला की आपले पोर तिकडे पळते. यावर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने गावकीचा उपाय काढला. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघर टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, मुले अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा, की मोकळे. गोष्ट आधी महिलांच्या ग्रामसभेत ठरली, म्हणून ती घरात शिरली. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावे लागले, हसणारेही होते. पण मला यातला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो: मोबाईल थोरांनीही ठेवायचा होता. बाप चित्रे सरकवत बसला आणि पोराला म्हणाला वाच, तर ते कोण ऐकणार?

एक गोष्ट मोबाईलवर होत नाही, ती म्हणजे शाळेत पाऊल टाकणे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात चारांत तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. बैठकीचा निरोप आता मोबाईलवर येतो. अंगठ्याची खूण करून ‘पाहिले’ म्हणायचे आणि जायचे नाही, अशी नवी सवय लागते आहे. अशा अंगठ्याला जुन्या अंगठ्याइतकीही किंमत नाही; जुना निदान कागदावर तरी उठत असे.

शाळेच्या नावाने आलेला प्रत्येक निरोप शाळेचाच असतो असेही नाही. ‘तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झाली, या ठिकाणी दाबा, आलेला आकडा सांगा,’ असे काही आले तर काही दाबू नका, कुणाला आकडा सांगू नका. दुसऱ्या दिवशी गुरुजींना तोंडी विचारा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या नंबरावर तक्रार नोंदवा.

शेवटी ऊसवाल्यांशी थोडे बोलायचे आहे. हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. त्यांची पुष्कळ मुले मागे, आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. चार-पाच महिने त्या आईबापाची शाळा म्हणजे हातातला मोबाईलच. लेक शाळेत गेली का, जेवली का, पाढे कुठवर आले, हे तिथूनच कळायचे. पहाटे फडात, दिवसभर मोळ्या, रात्री गाडी भरायची. बोलायला मिळते ते अंधार पडल्यावर, आणि नेमकी तेव्हा बॅटरी संपलेली असते, कारण खोपीत वीज नाही. आपल्या ओसरीवरचा एक बोर्ड त्यांच्यासाठी मोकळा ठेवा. संध्याकाळी मुकादमाकडे निरोप द्या, की मोबाईल आणून लावा. एका युनिट विजेत तीस-चाळीस मोबाईल भरतात.